गोळीचं दार, चालण्याची कडी

१२ जानेवारी, रविवार. सकाळ. कर्वेनगर, आमच्या सोसायटीचं पार्किंग.

हजर: रेखाताई इंगळे, ज्या त्या दिवशी पुणं सोडून चालल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ सुनील आणि त्याची बायको प्राची, माझ्याच मजल्यावरचे शेजारी. थोरली बहीण मंगलाताई, रेखाताईंना न्यायला आदल्या दिवशी यवतमाळहून आलेल्या. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. मी. आणि गेटच्या बाहेर, मोटरसायकलवर बसून राहिलेले, शेवटपर्यंत आत न आलेले अण्णा.

गैरहजर: टेकडीवरचे बाकी सगळे.

हजेरी घ्यायची मला सवय आहे. एका कारखान्याच्या खरेदी विभागात माझी सगळी नोकरी झाली. काय आलं, काय यायचंय, कुणाला आठवण करून द्यायची, हे मांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. वारज्याच्या बाजूच्या टेकडीवर सकाळी चालणारा आमचा जो गट आहे, त्याची हजेरीही माझ्याकडेच आली. एकदा बापट म्हणून आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ वर प्राणायाम करत डोळे मिटून बसले आणि आम्ही सगळे खाली उतरून चहा पिऊन घरी गेलो. तेव्हापासून उतरताना मी डोकी मोजते. बापट अजून म्हणतात, "म्याडम, मी हजर आहे. गेल्या वेळेसारखं स्वर्गवासी धरू नका."

रेखाताई या गटात आल्या त्या माझ्यामुळे. आणायचं कारण प्राचीनं दारात उभं राहून सांगितलं होतं, तेही अगदी हळू आवाजात. सुनीलची मोठी बहीण यवतमाळहून कायमची आली आहे. शाळेत भूमिती शिकवायची. खूप वर्षांचा मोठा आजार आहे, मनाचा. कानात आवाज येतात. गोळ्यांनी आवाज थांबतात, पण गोळ्यांनी वजन वाढतं, आता साखरही झाली आहे. वजनापायी तिनं दोनदा गोळ्या सोडल्या आणि दोन्ही वेळा दवाखान्यात भरती करावं लागलं. "डॉक्टर म्हणतात, रोज चालायला हवं. माझ्याबरोबर येत नाही. तुम्ही न्याल का, शुभाताई?"

मी हो म्हटलं. काम समजलं, वेळ ठरली, संपलं. मला तेव्हा वाटलं होतं, हे इतकं सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजवली तर त्या बूट घालून तयार बसल्या होत्या. मोठा, संथ देह, हाताला बारीक कंप, केस घट्ट बांधलेले. लिफ्टमधून उतरलो. आमच्या पार्किंगच्या मधोमध एक मोकळा चौकोन आहे आणि गेट त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. सोसायटीतलं प्रत्येक माणूस, कुत्र्यासकट, तो चौकोन तिरका ओलांडतं. मीही निघाले. मागं वळून बघते तर रेखाताई भिंतीकडेनं सरळ चालत होत्या. कोपऱ्यावर पोचल्या, काटकोनात वळल्या, आणि माझ्यापर्यंत आल्या.

"तिकडून का?" मी विचारलं.

"त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, शुभाताई. आयुष्यभर पोरींना शिकवलं. तेवढंच चालणं जास्त होते ना बाप्पा, फुकटात."

त्यानंतर त्यांना तिरकं चालताना मी पाहिलं नाही. रस्ता ओलांडायचा, मैदान पार करायचं, दुकानातून बाहेर पडायचं, सगळं दोन बाजूंनी. घाई असली तर मला म्हणायच्या, "तुम्ही कर्णावरून व्हा पुढं. मी येऊनच राहिली."

टेकडीवर पहिले काही दिवस त्या पायथ्यापासून पहिल्या बाकापर्यंतच येत. मग दुसऱ्या. मग पाण्याच्या टाकीपर्यंत. कुणी कौतुक केलं तर हात उडवून टाकायच्या. आजार त्यांनी लपवला नाही. पहिल्याच आठवड्यात बापटांनी विचारलं, "बाई, तुम्ही स्वतःशी काय पुटपुटता?" मी चमकले. रेखाताई शांतपणे म्हणाल्या, "स्वतःशी नाही. माझ्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत. भाडं देत नाहीत, खाली करत नाहीत, आणि सारखे बोलून राहतात."

बापट पुण्याचेच. म्हणाले, "करार न करता ठेवलेत का? मग नाही निघायचे. माझ्या मामांचे गेलेच नाहीत."

रेखाताई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर भाडेकरू हा आमच्या गटातला नेहमीचा शब्द झाला. "आज भाडेकरू काय म्हणतात?" असं बापट दूध आलं का विचारावं तसं विचारायचे, आणि त्या सांगायच्या. "दार लावलंय. आतून कुजबुज आहे."

हे दार म्हणजे काय ते त्यांनी मला एकदा नीट समजावलं. "रात्रीची गोळी आहे ना, ते दार आहे. ते लागलं की ते लोक त्या खोलीत, मी या खोलीत. पण नुसतं दार वाऱ्यानं उघडते. हे चालणं, वेळेवर झोपणं, नीट खाणं, ही कडी आहे. कडी लावली की मी निर्धास्त."

"आणि नुसती कडी?" मी विचारलं.

"दारच नसलं तर कडी कुठं लावता?"

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे मी एकदा सोबत गेले होते. बाई वयानं लहान, बोलायला तुटक. रेखाताईंनी त्यांना पहिल्या भेटीत गोळी बंद करा म्हणून सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "तुम्हाला गोळी नको आहे की वजन नको आहे?"

"वजन."

"मग वजनाचं बघू. गोळीला का शिक्षा?"

हा प्रसंग रेखाताई दोघींच्या आवाजात सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "पन्नाशीतल्या बाईला पाचवीतल्या पोरीसारखं गप्प केलं. शिक्षिका म्हणून चांगली झाली असती."

त्यांच्या सवयी सांगायच्या तर भुकेपासून सुरुवात करावी लागेल. त्या गोळीनं भूक खवळते. रेखाताईंना दोन वेगवेगळ्या भुका ओळखता येत. जेवणाच्या वेळची ती स्वतःची. तिला भाकरी, पातळ वरण, ढीगभर भाजी. जेवून तासाभरात जी पुन्हा उठते ती गोळीची. "ही माझी भूक नाही, गोळीची आहे. तिला काकडी देते." पिशवीत कायम काकड्या. एकदा हळदीकुंकवाला प्राचीनं सगळ्यांना गुलाबजाम वाढले. रेखाताईंनी वाटीकडे बराच वेळ पाहिलं, वाटी माझ्याकडे सरकवली आणि पिशवीतून काकडी काढून कचकन चावली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, एखाद्यानं काय होतंय?" रेखाताई म्हणाल्या, "मला काही होत नाही. पण तिला चटक लागते."

झोपेचंही तसंच. कोजागिरीला आमचा गट अण्णांच्या गच्चीवर जमतो. अण्णा म्हणजे वारज्याचे जुने रहिवासी. गाव शहरात आलं, शेतं गेली, आता तिथं त्यांच्या इमारती आहेत. मात्र घरामागचा एक तुकडा त्यांनी विकला नाही, तिथं झेंडू लावतात. अण्णांचं मन आणि आवाज, दोन्ही मोठं. त्या कोजागिरीला दूध आटत होतं, चंद्र इमारतीच्या मागून अजून यायचा होता, आणि रेखाताई उठल्या.

"बाई, झोप आली का?" अण्णा ओरडले. "अजून चंद्र न्हाय आला, आन तुमी चालल्या?"

"झोप नाही आली, अण्णा. झोपेची वेळ आली. चंद्राला माझा नमस्कार सांगा."

आणि गेल्या. अण्णा तोंडात बोट घालून बघत राहिले. "ह्या बाईची शिस्त मिल्ट्रीवानी हाय," म्हणाले. त्यांना रेखाताईंबद्दल भारी आदर होता. पुढं जे झालं ते या आदरातूनच झालं. म्हणूनच मला आजही कुणावर धड रागावता येत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. एका सकाळी टाकीच्या पुढं रेखाताई एकदम थांबल्या. ओठ पांढरे पडले होते. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "हात धरू नका. बाजूनं चाला. आज भाडेकरू भांडून राहिले."

"मी काय करू?"

"काहीतरी कंटाळवाणं सांगा. एकदम कंटाळवाणं."

मला दुसरं काय येतं? मी त्यांना कारखान्यासाठी नटबोल्ट कसे मागवतात ते सांगायला सुरुवात केली. तीन ठिकाणांहून दरपत्रक मागवायचं, त्यांचा तक्ता करायचा, सर्वांत स्वस्त का नाकारलं त्याचं कारण लिहायचं, स्टोअरची सही, क्वालिटीची सही, माल परत गेला तर पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण उतार मी बोलत होते. पायथ्याला पोचल्यावर रेखाताईंनी दीर्घ श्वास घेतला. "झोपले बहुतेक," म्हणाल्या. "तुमच्या खरेदी विभागापुढं कोणाचं काय चालते?" मग तिथंच उभं राहून त्यांनी स्वतः डॉक्टरीण बाईंना फोन लावला आणि दुपारची वेळ घेतली. मी जवळच उभी होते. वाटलं, या बाईला आता कुणाची गरज नाही.

आता अण्णांच्या हाराबद्दल. आमच्या टेकडीवर एक प्रथा आहे. काही वर्षांपूर्वी अण्णांचं वजन उतरलं, साखर उतरली आणि त्यांच्या डॉक्टरांनी साखरेची गोळी बंद केली. अण्णांनी दुसऱ्या दिवशी टाकीजवळ सगळ्यांना ताक पाजलं आणि स्वतःच्या झेंडूचा हार स्वतःच्याच गळ्यात घालून घेतला. तेव्हापासून चालून चालून ज्याची कुठली गोळी बंद होईल त्याला अण्णांच्या बागेतला हार. कडुलिंबाखाली उभं करायचं, अण्णांनी ओरडायचं, "सुटली!" आणि सगळ्यांनी टाळ्या. कुणाची रक्तदाबाची, कुणाची पित्ताची. बापटांची झोपेची. हाराचं आकर्षण एवढं की दोन माणसं त्यापायी चढ चढायला लागली. प्रथा वाईट नव्हती.

रेखाताईंचं वजन तोवर दिसण्याइतकं कमी झालं होतं. कंपही कमी. कपडे सैल पडले म्हणून प्राचीनं नवे शिवले. आणि त्यांचीही साखरेची गोळी बंद झाली. डॉक्टरांनी बंद केली, रीतसर. त्या सकाळी अण्णांनी नेहमीच्या दुप्पट जाड हार आणला. रेखाताई कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. "सुटली!" टाळ्या मीही वाजवल्या, मनापासून वाजवल्या. रेखाताई हाराला हात लावून बघत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच."

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आता ती रात्रीचीबी सोडा, बाई. तुमच्यावानी फिट मानूस हाय का हितं? आमी सगळी थकलो, तुमी पळताय."

मी म्हणाले, "अण्णा, ती गोळी निराळी असते."

"निराळी म्हंजी? गोळी ती गोळी. श्येवटी पोटातच जातीया ना?"

रेखाताई हसून म्हणाल्या, "ते दार आहे, अण्णा. दार कोणी काढून टाकते का?"

उत्तर बरोबर होतं. पण त्या पार्किंगशी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "रोज घेतली म्हणून कोणी हार घालते का, शुभाताई?"

आणि भिंतीकडेनं लिफ्टकडे वळल्या.

पुढं काय झालं ते मला एका गोष्टीवरून कळलं. कधीचं ते नेमकं सांगता येणार नाही, पण हिवाळा सरत आला होता. मी खिडकीत कपडे वाळत घालत होते. खाली रेखाताई लिफ्टमधून बाहेर आल्या, आणि पार्किंगचा चौकोन भरभर तिरका ओलांडून गेटबाहेर गेल्या.

हातातला कपडा तसाच राहिला. कुणाला सांगायचं आणि काय? की तुमची बहीण कर्णावरून चालली?

मी सांगितलं. संध्याकाळी सुनील आल्याबरोबर सांगितलं. तो बिचारा ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, उलट ती किती छान झाली आहे. सकाळी टेकडी, दुपारी परत, संध्याकाळी परत. काल स्वतःहून सगळ्यांच्या पोळ्या केल्या. कित्येक वर्षांनी गाणं म्हणत होती."

"गोळी घेते का, ते बघा."

"तीच घेते हल्ली. आम्ही आता देत नाही. इतकी बरी आहे, तर तिच्यावर पहारा कशाला?"

प्राचीनं मात्र दुसऱ्या दिवशी कपाट पाहिलं. गोळ्यांच्या पट्ट्या न फोडलेल्या, एकावर एक, कडा जुळवून रचून ठेवल्या होत्या.

आणि त्याच सकाळी टेकडीवर रेखाताई कडुलिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, रात्रीचीही सुटली." अण्णा हरखले. बागेत हार करायला वेळ नव्हता. त्यांनी गळ्यातला पंचा काढून त्यांच्या खांद्यावर घातला. मी विचारलं, "डॉक्टरीण बाईंनी सांगितलं?" टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. रेखाताईंना गेलं. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "गोळी सुटल्याशिवाय बरी झाली म्हणत नाहीत ना कोणी. मग?"

मी काय काय केलं ते सांगते, आणि कशाचाच उपयोग झाला नाही हेही. डॉक्टरीण बाईंना फोन केला; त्या म्हणाल्या, "आजच घेऊन या." रेखाताई म्हणाल्या, "मी ठणठणीत आहे, त्या डॉक्टरीण बाईलाच घेऊन जा." सुनीलनं रजा काढली, रिक्षा दारात आणली, त्या मागच्या जिन्यानं टेकडीवर गेल्या. अण्णांना मी बाजूला घेऊन समजावलं. त्यांचा चेहरा पडला. ते रेखाताईंकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, माझं चुकलं. ती गोळी घ्या." रेखाताईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अण्णा, तुम्हालाही त्यांनी फितवलं?" मग मला आठवले ते नटबोल्ट. शेवटचा उपाय म्हणून मी त्यांच्या बाजूनं चालायला लागले, हात न धरता, आणि दरपत्रकाचा तक्ता सांगायला लागले. त्या थांबल्या. अगदी प्रेमानं माझ्याकडे पाहिलं.

"नका ना झोपवू त्यांना, शुभाताई. आता कुठं ते काहीतरी महत्त्वाचं सांगून राहिले."

चालणं थांबलं नव्हतं. ते वाढतच गेलं. ज्या गोष्टीसाठी सगळे त्यांना शाबासकी देत होते तीच आता थांबेना. टाचांना फोड, ओठ कोरडे, वजन पुन्हा उतरत चाललेलं, आणि टेकडीवरचे नवे लोक एकमेकांना दाखवत, "बघा, या वयात काय स्टॅमिना आहे."

मग एक दुपार आली. बापटांचा फोन आला, "या लवकर." टाकीजवळ रेखाताईंनी वाटेवर दगड मांडून मोठा त्रिकोण केला होता आणि त्याच्या आत त्या अनवाणी उभ्या होत्या. उन्हानं दगड तापले होते. कुणी जवळ आलं की ओरडत, रेघ ओलांडू नका, आतले बाहेर येतील. बापट त्रिकोणाच्या बाहेर छत्री धरून उभे होते. सुनील आला. अण्णा आले. आम्ही त्यांना कसं खाली आणलं ते मी लिहिणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

दवाखान्यात बरेच दिवस गेले. घरी आल्या तेव्हा आवाज कमी झाले होते, पण गेले नव्हते. डॉक्टरीण बाईंनी मला साध्या शब्दांत सांगितलं, की प्रत्येक वेळी गोळी सोडली की परत येणं अवघड होत जातं. तीच गोळी आता पूर्वीइतकी लागू पडेल असं नाही. "चालणं पुन्हा सुरू करा," म्हणाल्या. "गोळी तिचं काम करेल, पण एकटी करणार नाही."

अण्णा भेटायला आले. हातात झेंडूचा हार. दारात मला म्हणाले, "म्याडम, आपन उलटं केलं. गोळी सोडली म्हनून नको, गोळी घेती म्हनून घालू. येळ लागंल, पन समजंल त्यांस्नी." मला तो विचार फार बरोबर वाटला. मलाही तो आधी सुचला नव्हता.

रेखाताई खुर्चीत बसल्या होत्या. पुन्हा जड झालेल्या, हाताला पुन्हा कंप. अण्णांनी हार पुढं केला. "बाई, तुमी गोळी चालू केली म्हनून."

रेखाताईंनी हाराकडे पाहिलं. मग विचारलं, "कोण वारलं?"

अण्णा हार घेऊन उतरले. त्यानंतर ते आमच्या गेटच्या आत आले नाहीत.

मी रोज सकाळी बेल वाजवत राहिले. कधी प्राची दार उघडायची, कधी रेखाताई स्वतः. बूट समोर मांडलेले असत. त्या बुटांकडे बघत, माझ्याकडे बघत, आणि म्हणत, "उद्या." एकदा एक बूट घातला. मी इतकी खूश झाले की घाईनं दुसरा पुढं केला, आणि त्यांनी पहिला काढून ठेवला.

सुनीलला कामासाठी परगावी जावं लागायचं. प्राची नोकरी करून, घर करून, रात्री त्यांच्या तोंडात गोळी गेली का ते पाहून वाळून गेली होती. तिनं कधी तक्रार केली नाही. एक दिवस जिन्यात बसून रडली, तेवढंच. मग मंगलाताईंचा फोन आला. माझ्याकडे पाठवा, मी सांभाळते.

म्हणून त्या रविवारी आम्ही पार्किंगमध्ये जमलो होतो.

मंगलाताई चांगल्या आहेत. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "गोळीचं कसं?"

"मी माझ्या हातानं देईन, जी. जीभ उचलून बघीन. ते तुम्ही माझ्यावर सोडा."

"आणि चालणं? सकाळी कुणी बाहेर नेईल?"

त्यांनी आवाज खाली केला. "कुठं नेणार, बाप्पा? आमच्याकडे अर्धं गाव तिच्या हाताखाली शिकलं. लोक थांबवून विचारतात, बाई, काय झालं तुम्हाला? घरातल्या घरात फिरते ना. बस झालं."

मी सांगायचा प्रयत्न केला. काकड्यांबद्दल, झोपेच्या वेळेबद्दल, दार आणि कडीबद्दल. त्या "हो हो" म्हणत होत्या, पण त्यांची नजर सामानावर होती. परक्या बाईचं कुणी किती ऐकेल?

सुनील रेखाताईंना लिफ्टमधून घेऊन आला. गाडी समोरच्या कोपऱ्यात, गेटपाशी उभी होती. सुनीलनं कोपराला धरून त्यांना सरळ गाडीकडे वळवलं, चौकोनातून तिरकं. दोन पावलं गेल्या असतील. मग रेखाताई थांबल्या. कोपर सोडवलं. आणि भिंतीकडे वळून, पाय ओढत, सावकाश, कडेकडेनं चालायला लागल्या.

"अगं सरळ ये ना! तिकडे कुठं जाऊन राहिली?" मंगलाताईंनी हाक मारली. सुनीलही धावला. "ताई, इकडे, गाडी इकडे आहे." त्याला वाटलं, पुन्हा सुरू झालं.

रेखाताई कोपऱ्यापर्यंत गेल्या. काटकोनात वळल्या. गेटबाहेर अण्णा मोटरसायकलवरून उतरून उभे राहिले होते. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. त्या गाडीपाशी पोचल्या, थोड्या धापा टाकत, आणि कुणाकडेही न बघता आत बसल्या.

मी गाडीच्या खिडकीशी वाकून आत बसलेल्या मंगलाताईंना म्हणाले, "अहो, हे चांगलं लक्षण आहे. हे त्या बऱ्या असल्याचं लक्षण आहे. त्यांना असंच चालू द्या." मंगलाताईंनी माझा हात थोपटला. माझी समजूत काढल्यासारखं. काच वर गेली. गाडी गेटबाहेर वळली तेव्हा मला रेखाताईंची घट्ट बांधलेली वेणी आणि थोडा खांदा दिसला. अण्णांनी हात वर केला होता. तो त्यांनी पाहिला की नाही, माहीत नाही.

त्यानंतर मंगलाताईंना मी फोन करते. गोळी वेळेवर चालू आहे. खाणं भरपूर आहे. बाहेर जात नाही. रेखाताई फोनवर येत नाहीत.

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची आत्या यवतमाळला असते. तिचे गुडघे गेले आहेत. बापटांच्या ओळखीचं एक कुटुंब होतं. ते नागपूरला गेलं. रेखाताईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पत्ता लागला. ती म्हणाली विचारून सांगते, आणि तिनं सांगितलं नाही. टेकडीवरचा हार आता बंद आहे, अण्णांनीच बंद केला. झेंडू अजून लावतात. चढताना रोज विचारतात, "मिळालं का कोन?"

माझ्याकडची बाकीची कामं होतात. हे एक रोज दुसऱ्या दिवसावर जातं:

यवतमाळात, सकाळी, रेखाताईंबरोबर चालायला कोणीतरी बघणे. दोन बाजूंनी जायची तयारी हवी. हात धरायचा नाही. कंटाळवाणं बोलता आलं पाहिजे.